वायरलेस प्रेझेंटर रिमोट: जोडणी, वापर आणि अडचणी

पाटीपेन्सिल :
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. शाळेत प्रोजेक्टर आहे, आणि गावाने वर्गणी काढून यंदा एका वर्गात मोठा टच पॅनलही बसवून दिलाय. स्लाइड पुढे न्यायची म्हणजे दर वेळी टेबलापाशी जाऊन लॅपटॉपचं बटण दाबायचं. तेवढ्यात माझी पाठ वळते आणि मागच्या बाकांवर दुसराच तास सुरू होतो! मला मुलांमध्ये फिरत शिकवायला आवडतं, म्हणून वायरलेस प्रेझेंटर घेतला. पुढे-मागे जायची दोन बटणं, स्लाइड शो सुरू करायचं एक, पडदा काळा करायचं एक, लाल लेझर आणि अंगठ्याने माउसचा बाण फिरवायची छोटी चकती. सोबत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर. माहितीपत्रक बोटभर, त्यात चित्रंच जास्त.

पॉवरपॉइंटवर छान चालतो. पण गूगल स्लाइड्समध्ये सुरू करायचं बटण दाबलं की पान नुसतं पुन्हा लोड होतं. कधी कधी तास ऐन रंगात असताना रिमोट एकदम गप्प होतो. लॅपटॉपपाशी जाऊन स्क्रीनवर एक क्लिक केली की पुन्हा चालू. वर्गात ठीक चालतो, पण शाळेच्या लांब हॉलमध्ये शेवटच्या रांगेकडे गेले की दोनदा दाबून काही होत नाही, मग एकदम दोन स्लाइड पुढे पळतात. आणि टच पॅनलवर लेझरचा ठिपका दिसतच नाही. भिंतीवर मारला तर ठळक दिसतो.

पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत माझं सादरीकरण आहे. तोवर हे यंत्र नीट हातात बसवायचंय. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गोदाकाठ :
ताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. नाशकात सभागृहांना साउंड आणि प्रोजेक्टर पुरवणं हा माझा व्यवसाय आहे. व्याख्यानमाला, कंपन्यांच्या बैठका, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे हेच प्रश्न येतात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, निम्म्या शंका तिथेच मिटतील. तुमचा रिमोट हा लॅपटॉपच्या लेखी चार-पाच बटणांचा कीबोर्ड आहे. त्याला पॉवरपॉइंट म्हणजे काय ते ठाऊक नसतं. पुढचं बटण दाबलं की तो 'पेज डाउन' पाठवतो, मागच्याला 'पेज अप', सुरू करायच्या बटणाला 'एफ५', आणि पडदा काळा करायच्या बटणाला टिंब किंवा 'बी' हे अक्षर. म्हणून तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. रिसीव्हर लावला की विंडोज त्याला कीबोर्ड म्हणूनच ओळखते.

खात्री करायची असेल तर नोटपॅड उघडा आणि रिमोटची बटणं एकेक करून दाबून पाहा. सुरू करायचं बटण दाबलं की कोऱ्या पानावर आजची तारीख आणि वेळ उमटेल, कारण नोटपॅडमध्ये एफ५ चं काम तेच आहे. काळ्या पडद्याच्या बटणाने टिंब किंवा अक्षर उमटेल. कोणतं बटण काय पाठवतं हे एकदा असं पाहून कागदावर लिहून ठेवा. माहितीपत्रकापेक्षा तो कागद जास्त कामाला येतो. काही रिमोट सुरू करायच्या बटणाने एकदा एफ५ आणि पुढच्या वेळी एस्केप पाठवतात, तेही इथे कळतं.

आता गूगल स्लाइड्स. ती ब्राउझरमध्ये चालते आणि ब्राउझरमध्ये एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड करणं. रिमोटचा यात काही दोष नाही. स्लाइड शो हाताने सुरू करा: वरचं 'स्लाइडशो' बटण किंवा कंट्रोल आणि एफ५ एकत्र. एकदा पूर्ण स्क्रीन झाली की पुढे-मागे जाणारी बटणं बिनबोभाट चालतात. त्यानंतर सुरू करायच्या बटणाला मात्र हात लावू नका.

मध्येच गप्प होण्याचं कारणही याच कुळातलं. कीबोर्डवर दाबलेलं बटण समोर चालू असलेल्या खिडकीलाच पोचतं. अँटिव्हायरसची सूचना आली, अपडेटची चौकट उघडली, किंवा कुणी टास्कबारला हात लावला की पॉवरपॉइंट मागे पडतं आणि तुमचं पेज डाउन भलत्याच ठिकाणी जातं. स्लाइडवर एक क्लिक किंवा ऑल्ट-टॅब केलं की गाडी रुळावर. हे होऊच नये म्हणून तासाआधी विंडोजचं 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब, मेल वगैरे बंद करून टाका. पालकांचे निरोप पडद्यावर झळकणंही त्याने टळतं.

अंतराचं दुखणं टेकडीवरचा जास्त चांगलं सांगतील, त्यांचं कामच ते आहे.

टेकडीवरचा :
हाक मारलीत म्हणून सविस्तर लिहितो.

हे रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. वायफायचा जुना पट्टा, ब्लूटूथ, वायरलेस माउस, सगळे याच गल्लीत राहतात. खोक्यावर १५ मीटर किंवा ३० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेत, मध्ये काही आडवं नसताना. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी आहे आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात. मुलांनी भरलेला हॉल आणि रिकामा हॉल यांत फरक पडतो तो इथे. तुम्ही शेवटच्या रांगेत मुलांकडे तोंड करून उभ्या राहिलात, लॅपटॉप तुमच्या पाठीमागे आणि रिमोट पोटाशी, तर तुम्ही स्वतःच मध्ये भिंत होता. हात जरा बाजूला काढून दाबा, लगेच फरक जाणवेल.

दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं आणि तेच सगळ्यात जास्त छळतं. यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिट. त्या वेगाने माहिती पळताना केबल, कनेक्टर आणि पेनड्राइव्हमधून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं, त्यात वायरलेस माउसचं उदाहरण होतं. आपल्याकडे काय होतं? सादरीकरण पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा, आणि त्याच्याच शेजारच्या खाचेत रिमोटचा रिसीव्हर. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाशी कुणीतरी पिपाणी वाजवतंय.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. फाइल आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. रिसीव्हर शक्यतो यूएसबी २ च्या खाचेत लावा (निळी जीभ असलेली खाच सहसा ३ ची असते, सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत). नाहीतर अर्धा-एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, तिच्या टोकाला रिसीव्हर लावा आणि टोक टेबलाच्या कडेला, श्रोत्यांच्या बाजूला, जरा उंचावर येईल असं चिकटवा. लॅपटॉपच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या आड रिसीव्हर नको. हॉल खूपच लांब असेल तर केबल वाढवता येते. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते, त्यापुढे आतमध्ये अ‍ॅम्प्लिफायर असलेली घ्यावी लागते.

दोनदा दाबून एकदम दोन स्लाइड पळतात, त्याचं कारण मला असं दिसतं: पहिल्या दाबाचा संदेश पहिल्या झटक्यात पोचला नाही, रिमोट तो पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, तेवढ्यात तुम्ही दुसऱ्यांदा दाबलंत आणि दोन्ही मागोमाग पोचले. म्हणून दाबल्यावर क्षणभर थांबायचं. हेच वर्गात दोन फुटांवरूनही होत असेल तर बटणाचा आतला स्विच झिजलाय असं समजा.

सेलही तपासा. सेल उतरायला लागला की आधी पल्ला कमी होतो आणि लेझर फिका पडतो. बटणं तेव्हाही जवळून चालत राहतात, म्हणून लक्षात येत नाही.

पाटीपेन्सिल :
बापरे, किती छान समजावलंत दोघांनीही!

नोटपॅडचा प्रयोग आठवीच्या वर्गात मुलांसमोरच केला. तारीख उमटल्यावर सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, मग यानं पूर्ण निबंध लिहिता येईल का?" त्यावरून कीबोर्ड म्हणजे काय, संदेश कसा जातो यावर अख्खा तास झाला. काळ्या पडद्याला माझा रिमोट टिंब पाठवतो.

एक्स्टेंशन केबल गावातल्या मोबाइलच्या दुकानात मिळाली. रिसीव्हर टेबलाच्या कडेला आणला आणि हॉलच्या दारापासून स्लाइड बदलल्या. पेनड्राइव्ह खरोखरच शेजारी लागलेला होता.

आता पॅनल आणि लेझरचं सांगा ना कुणीतरी.

शेवंती :
लेझरबद्दल मी लिहिते. मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे या विषयावर जरा आग्रहाने बोलणार आहे.

भिंत किंवा प्रोजेक्टरचा पडदा खरखरीत पांढरा असतो, त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून ठिपका प्रत्येक बाकावरून दिसतो. एलसीडी किंवा एलईडी पॅनलला समोर काच असते आणि पॅनल स्वतःच उजळलेला असतो. लेझरचा काही भाग आत जिरतो, काही आरशासारखा एकाच दिशेला परततो, आणि विखुरून वर्गाकडे येणारा प्रकाश नगण्य. म्हणून ठिपका दिसत नाही. यातला परतणारा भाग महत्त्वाचा आहे: तो पहिल्या बाकावरच्या मुलाच्या डोळ्यांत जाऊ शकतो. पॅनलवर लेझर मारूच नका. तिथे माउसचा बाण वापरा.

प्रेझेंटरमधला लेझर सहसा वर्ग २ चा असतो, म्हणजे १ मिलिवॉटच्या आत. चुकून डोळ्यांवर आला तर माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान फिरवतो, आणि तेवढ्या वेळात इजा होत नाही, असं त्यामागचं गणित आहे. मुलं मात्र पैज लावून एकटक बघतात. तिथे ते गणित लागू पडत नाही. शिवाय वेष्टनावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नये. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. हिरव्यात आणखी एक धोका असतो: स्वस्त हिरव्या लेझरमध्ये आधी अवरक्त किरण तयार होतात आणि त्यांतून हिरवा बनवला जातो. ते किरण अडवणारी गाळणी नसेल तर डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही सोबत बाहेर पडतो, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाला डोळा मिटत नाही.

हिरवा जास्त ठळक दिसतो हे खरं. आपला डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतो आणि हिरवा लेझर ५३२ चा, लाल ६५० च्या आगेमागे. त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा हिरवा कितीतरी पटींनी तेजस्वी भासतो. तरी शाळेसाठी माझा सल्ला लालच, तोही नावाजलेल्या कंपनीचा, आणि रिमोट तासानंतर कपाटात कुलपाआड. माझ्याकडे लेझरशी खेळून डोळ्यांत कायमचा डाग घेऊन आलेली मुलं येतात. दृष्टिपटलाच्या मध्यावर झालेल्या जखमेला चष्मा लागू पडत नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहिलं.

अण्णा_डिचोली :
शेवंतीताईंना शंभर टक्के अनुमोदन.

मी गोव्यात महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे, पण व्याख्यानं चालू आहेत. वयामुळे हात थोडा कापतो. लेझरचा ठिपका नकाशावर असा नाचतो की श्रोत्यांना मांडवी दाखवतोय की झुआरी, कळत नाही. म्हणून मी लेझर सोडला आणि डिजिटल ठळकपणा देणारा रिमोट घेतला. लॉजिटेकचा 'स्पॉटलाइट' या जातीचा आहे, २०१७ साली आला. त्यात लेझर नाहीच. आत हालचाल ओळखणारा संवेदक असतो, बटण दाबून हात फिरवला की पडद्यावरचा एक गोल भाग उजळ राहतो आणि बाकीचा अंधारतो. गोल मोठा ठेवला की हाताचं कापणं त्यात विरून जातं. पॅनलवर दिसतो, ऑनलाइन ऐकणाऱ्यांनाही दिसतो. लेझरचा ठिपका झूम किंवा मीटवरच्या श्रोत्यांना कधीच दिसत नाही, हे अनेक वक्त्यांच्या ध्यानात येत नाही. भिंतीवर ठिपका फिरवत "हे बघा, हे बघा" म्हणत राहतात आणि पलीकडे पुण्याला, लंडनला बसलेली माणसं चाचपडत असतात.

याला सॉफ्टवेअर टाकावं लागतं, किंमतही जास्त. शाळेच्या खिशाला परवडेलच असं नाही. पण पाटीपेन्सिलताई, पॉवरपॉइंटमध्येच फुकटची सोय आहे. स्लाइड शो चालू असताना कंट्रोल आणि एल दाबा. माउसच्या बाणाचा लाल लेझरसारखा ठिपका होतो. मग तुमच्या रिमोटची अंगठ्याची चकती फिरवली की तो ठिपका पॅनलवर फिरेल. गूगल स्लाइड्समध्ये नुसतं 'एल' दाबलं तरी चालतं.

हवेत हात फिरवून बाण हलवायचे जे 'एअर माउस' मिळतात, त्यांत बाण आपोआप एका बाजूला सरकत जातो, ही कायमची तक्रार असते. तो सपाट टेबलावर काही सेकंद न हलवता ठेवला की संवेदक पुन्हा स्थिर होतो. दर व्याख्यानाआधी मी हे करतोच.

रानवारा :
वेगळा रिमोट हवाच कशाला? सगळ्यांच्या हातात फोन आहे. मी 'केडीई कनेक्ट' हे अ‍ॅप वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, लिनक्सवर उत्तम आणि विंडोजवरही चालतं. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले की झालं. त्यात स्लाइड बदलायची वेगळी सोय आहे, माउसही फिरवता येतो. वायफाय नसेल तर फोनचाच हॉटस्पॉट लावायचा. आणि अँड्रॉइड ९ पासून फोन स्वतः ब्लूटूथ कीबोर्ड होऊ शकतो, तसली अ‍ॅप्स आहेत. त्याला लॅपटॉपवर काहीच टाकावं लागत नाही.

गोदाकाठ :
रानवारा, सोय चांगली आहे आणि अडीनडीला मी स्वतः वापरलीय. पण मुख्य साधन म्हणून फोनच्या भरवशावर राहू नये, असं माझं ठाम मत आहे. रिमोटचं बटण बोटाला लागतं. वक्ता श्रोत्यांच्या डोळ्यांत बघत बोलतो आणि अंगठा आपोआप योग्य जागी पडतो. फोनवर काच सपाट, दर वेळी खाली बघावं लागतं. स्क्रीन बंद पडते, ती उघडा. ऐन वेळी फोन वाजतो. वक्त्याची नजर श्रोत्यांवरून हलली की लय तुटते, आणि पाटीपेन्सिलताईंनी रिमोट घेतला तो नजर मुलांवर राहावी म्हणूनच.

रानवारा :
नजरेचा मुद्दा मान्य. माझी सादरीकरणं सहा-सात जणांच्या बैठकीत असतात, बसूनच. तिथे फोन पुरतो. चाळीस मुलांच्या वर्गात फिरत शिकवायला बटणाचाच रिमोट हवा. तरी फोनची जोडणी राखीव म्हणून करून ठेवा.

मिशिगनकर :
मॅक वापरणाऱ्यांसाठी भर घालते. इथे विद्यापीठात दर सत्रात कुणीतरी हा रिमोट घेऊन माझ्याकडे येतं. रिसीव्हर लावला की मॅक 'कीबोर्ड ओळखायचाय' अशी चौकट उघडते आणि डाव्या शिफ्टच्या शेजारचं बटण दाबायला सांगते. रिमोटला शिफ्टच नसते! ती चौकट सरळ बंद करा, पुढचं सगळं चालतं. नव्या मॅक लॅपटॉपवर त्याआधी 'हे उपकरण जोडू द्यायचं का' असंही विचारतात, तिथे परवानगी द्यायला विसरू नका.

मॅकवर सुरू करायच्या बटणावर विसंबू नये. कीनोटमध्ये ऑप्शन-कमांड-पी, पॉवरपॉइंटमध्ये कमांड-शिफ्ट-रिटर्न, असं लॅपटॉपवरूनच सुरू करावं. खाचा फक्त टाइप-सी असतात, तेव्हा अडॅप्टर रिमोटच्या पिशवीतच ठेवा. ज्या हबला पडद्याची एचडीएमआय केबल आणि यूएसबी ३ ची डिस्क लावलीय, त्यालाच रिसीव्हर लावला तर टेकडीवरचांनी सांगितलेला गोंगाट हमखास होतो.

पाटीपेन्सिल :
कंट्रोल-एल केलं आणि पॅनलवर ठिपका फिरला! अण्णा, मनापासून आभार. शेवंतीताई, लेझर आता मुलांसमोर वापरायचा नाही असं ठरवलंय, आणि मुख्याध्यापकांनाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

प्रोजेक्टरवर मात्र गंमत झाली. मी चकती फिरवतेय, मला लॅपटॉपवर बाण दिसतोय, पण मुलांना दिसत नाही. असं का? आणखी दोन शंका: ज्वालामुखीच्या स्लाइडमध्ये व्हिडिओ आहे, तो रिमोटने सुरू होत नाही, माउसने नेम धरून क्लिक करावं लागतं. आणि परिषदेत कुणी "मघाची ती आकृती पुन्हा दाखवा" म्हटलं तर पंधरा स्लाइड मागे जात बसायचं का?

गोदाकाठ :
बाणाचं कारण 'एक्स्टेंड' असणार. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, चार पर्याय येतील. एक्स्टेंडमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर हे दोन वेगळे पडदे असतात, तुम्हाला टिपणं दिसतात, मुलांना फक्त स्लाइड. बाण तुमच्या पडद्यावर राहतो. 'डुप्लिकेट' केलंत की दोन्हीकडे एकच चित्र, बाणासकट. एक्स्टेंडच हवं असेल तर वक्त्याच्या दृश्यात स्लाइडखाली पेन आणि लेझरचं चिन्ह असतं, ते निवडून तुमच्या पडद्यावरच्या स्लाइडवर बाण फिरवा, प्रोजेक्टरवर ठिपका उमटेल.

व्हिडिओ निवडून 'प्लेबॅक' पट्टीत जा. 'स्टार्ट' समोर 'व्हेन क्लिक्ड ऑन' असेल, म्हणून नेम धरावा लागतोय. तिथे 'इन क्लिक सीक्वेन्स' करा. मग पेज डाउन आलं की व्हिडिओ सुरू होईल. हाच नियम अ‍ॅनिमेशनला. प्रत्येक अ‍ॅनिमेशन रिमोटचा एक दाब खातं. एका स्लाइडवर दहा गोष्टी उडत येत असतील तर दहा दाब. शक्य तितकी अ‍ॅनिमेशन काढून टाका, श्रोते तुम्हाला दुवा देतील.

मागच्या आकृतीसाठी लॅपटॉपवर स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर. १२ आणि एंटर, की बारावी स्लाइड हजर. सगळ्या स्लाइडच्या क्रमांकांचा एक कागद जवळ ठेवा. यासाठी लॅपटॉपपाशी जावं लागेल, पण प्रश्नोत्तरांच्या वेळी तेवढं चालतं.

आणि काळ्या पडद्याचं बटण जरूर वापरा. मुलांना काही समजावून सांगताना, प्रयोग दाखवताना पडदा काळा केला की सगळ्यांची नजर तुमच्याकडे येते. पुन्हा दाबलं की स्लाइड परत. इतकं उपयोगी बटण आणि बहुतेक वक्ते त्याला हातही लावत नाहीत.

निवांत :
धागा वाचतोय, फार कामाचा आहे. माझा रिसीव्हर हरवलाय, रिमोट नव्यासारखा आहे. नुसता रिसीव्हर मिळतो का?

टेकडीवरचा :
बहुतेक प्रेझेंटरमध्ये रिमोट आणि रिसीव्हर यांची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. त्याच कंपनीच्या माउसचा रिसीव्हर लावला तरी चालत नाही. रिमोटवर ब्लूटूथचं चिन्ह असेल तर तुमची सुटका आहे, रिसीव्हरशिवाय थेट जोडा. नसेल तर नवाच घ्यावा लागेल. म्हणून काम झालं की रिसीव्हर रिमोटच्या पोटातल्या खाचेतच परत गेला पाहिजे. सभागृहातल्या लॅपटॉपला लागलेला रिसीव्हर तिथेच राहून जातो, असंच ते बहुधा हरवतात.

सापडलेला अनोळखी रिसीव्हर आपल्या लॅपटॉपला लावू नका. तो कीबोर्ड म्हणून ओळखला जातो, आणि कीबोर्डला संगणक सहसा काहीही विचारत नाही. २०१६ मध्ये 'माउसजॅक' नावाने उघड झालेल्या त्रुटीत संशोधकांनी दाखवलं होतं की अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरना दुरूनच खोटी बटणं पाठवता येतात. वर्गात याची चिंता करायचं कारण नाही, पण बँकेचे व्यवहार करायच्या लॅपटॉपला रिसीव्हर कायमचा खुपसून ठेवू नये.

पाटीपेन्सिल :
शिक्षण परिषदेच्या जागेची चौकशी केली. पंचायत समितीचा हॉल आहे, प्रोजेक्टर छताला, आणि लॅपटॉप त्यांचाच वापरायचा असा नियम आहे. तो मंचाच्या बाजूला कोपऱ्यात असतो. माझ्या स्लाइड मराठीत आहेत. अजून काय काळजी घेऊ?

गोदाकाठ :
अर्धा तास आधी पोचा. अनोळखी लॅपटॉपला रिसीव्हर पहिल्यांदा लावला की ओळख पटायला थोडा वेळ जातो, ते कार्यक्रम सुरू व्हायच्या आत होऊ द्या. सरकारी लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बंद केलेले असू शकतात, तेव्हा फाइल स्वतःला मेल करून ठेवा. रिसीव्हरला सहसा अडवत नाहीत, पण लावून पाहाच. एक्स्टेंशन केबल आणि सेलचा नवा जोड पिशवीत असू द्या. काही रिमोट बराच वेळ न वापरता राहिले की झोपतात आणि पहिला दाब त्यांना जागं करण्यातच जातो. बोलायला उभं राहायच्या आधी एकदा दाबून घ्या.

मराठी फॉन्टची काळजी वेगळी घ्यावी लागते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर त्यांच्या लॅपटॉपवर सगळी अक्षरं कोसळतील. युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) असू द्या, आणि पॉवरपॉइंटच्या पर्यायांत 'सेव्ह' खाली फाइलमध्ये फॉन्ट समाविष्ट करायची खूण आहे, ती करा. जोडीला तीच फाइल पीडीएफ करून न्या. पीडीएफ पूर्ण स्क्रीनवर उघडली की तुमचा रिमोट तिथेही चालतो, पेज डाउनच ते. फक्त व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशन त्यात नसतील, तेवढं लक्षात ठेवा.